टाकीच्या आत राहिलेला माणूस

ही गोष्ट ऐकून विश्वास ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे मी छातीठोक सांगतो. आणि जन्मलाच, तर तो माझा मेव्हणा नक्की नसेल.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे बिलोरी म्हणतात, कारण त्याचं आयुष्य काच कापण्यात गेलं. तो माशांच्या टाक्या काचेच्या करतो, मी ॲक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या. कामाची जागा एकच, मध्ये एक लांब टेबल. टेबलापलीकडून तो माझ्या प्रत्येक वाक्याला "खोटं!" अशी टाचणी टोचतो. फुगा फोडल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही.

शाळेच्या दर्शनी दालनात मोठी टाकी हवी होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, काच की ॲक्रिलिक ते तुम्हीच आपसात ठरवा. झालं! ठरवायला बसलो आणि भांडून उठलो. मला ते काम हवंच होतं. ॲक्रिलिकच्या सांध्यावर सुईच्या बाटलीतून सॉल्व्हंट सोडायचं तर हात स्थिर लागतो, आणि माझा हात हल्ली भरला पेलाही हिंदकळवतो. एवढी मोठी टाकी आता नाही तर कधीच नाही.

शेवटी बायकोनेच निवाडा केला. "अहो, तुम्ही एक गोष्ट सांगा. आणि तू रे, मुकाट्याने ऐक. शेवटपर्यंत 'खोटं' म्हणाला नाहीस तर टाकी काचेची. म्हणालास तर ॲक्रिलिकची."

"एवढंच ना, ताई?" बिलोरी हसला. "भावजींच्या थापा पचवून पचवून माझं पोट दगडाचं झालंय."

तो हाताची घडी घालून स्टुलावर बसला. मी सुरुवात केली.

"एका गिऱ्हाइकाला खोलीएवढी टाकी हवी होती. कडा घासून सपाट केल्या, सांध्यात बारीक तारा ठेवून भिंत उभी केली आणि सुईने सॉल्व्हंट सोडलं. पाण्यासारखं पातळ ते, फटीत आपसूक धावत जातं. गोंद नव्हे हा. दोन्ही कडा विरघळवतं, त्यांना एकमेकींत मिसळू देतं आणि स्वतः उडून जातं. तारा ओढून काढल्या, भिंत बसली."

"इथवर ठीक," बिलोरी म्हणाला.

"फक्त मी आतून काम करत होतो. वरचं झाकणही चिकटवलं, आणि मग आठवलं की बाहेर यायचं राहिलं."

बिलोरीचा ओठ हलला, पण त्याने तो दाताखाली दाबून धरला.

"सांधे इतके स्वच्छ की टाकी दिसेचना. गिऱ्हाईक आलं, म्हणालं, 'मिस्त्री, नुसते उभे काय? टाकी कुठंय?' आणि दोन पावलं पुढे येऊन नाक आपटून घेतलं. मग खूश होऊन त्याने झाकणाच्या भोकात नळी सोडली. मी आतून जिवाच्या आकांताने हात हलवतोय, आणि तो बाहेरून निरोपाचा हात हलवतोय! पाणी भरलं, मासे सोडले, कुलूप लावून गेला."

"आणि श्वास?" बिलोरीने दात आवळून विचारलं.

"माशांकडून शिकलो. तोंड उघडायचं, मिटायचं. डोक्यात काही येऊ द्यायचं नाही."

"ते यांना घरीही जमतं," बायको म्हणाली. "मी काम सांगितलं की."

"त्यात एक थोराड मासा होता, सगळ्यांचा सासराच म्हण. त्याने मला कोपऱ्यातली जागा दिली आणि बजावलं, इथे जावयाचे लाड होणार नाहीत. रोज तळाचे खडे घासायला लावायचा."

बिलोरीचे कान लाल झाले. त्याने खांद्यावरचा पंचा तोंडात धरला, चावला, काढला. "छान," तो म्हणाला. "सासरेबुवांचा स्वभाव कळला. पुढे?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत दिसलं की काम हातचं चाललंय. बिलोरी तर टेबलावर वितीने मापंही घ्यायला लागला होता. पठ्ठ्याने हत्ती गिळला होता, ढेकरही न देता. आता माझ्याकडे शेपटाशिवाय काही उरलं नव्हतं.

"मग काय," मी जांभई देत म्हणालो, "खिशातल्या पात्याने भिंत कापली आणि पाण्याबरोबर बाहेर आलो. सासरेबुवांना बादलीत घेतलं. आता भोक बुजवायचं, तर ॲक्रिलिकचा तुकडा शिल्लक नाही. कोपऱ्यात तुझ्या काचेचा एक तुकडा पडला होता. तोच भोकावर धरला आणि कडेने सुई फिरवली. काच जराशी विरघळली, ॲक्रिलिकमध्ये मिसळली, आणि असा एकजीव सांधा झाला म्हणून सांगू! तेव्हाच म्हटलं, हे काचवाले सांधे चिकटवायला उगाच त्या सिलिकॉनच्या नळ्या पिळत बसतात."

स्टूल धाडकन मागे पडलं.

"खोटं! साफ खोटं!" बिलोरी टेबलावर मूठ आपटत ओरडला. "काच विरघळते होय त्यात? वर्षभर बुडवून ठेवा, ओरखडा उमटणार नाही! ताई, ते माशाचं, सासऱ्याचं, सगळं एक वेळ मान्य आहे मला, पण काच—"