टाकीला ऊन लागू नये म्हणून

रोशनीच्या मांड्यांवर पुन्हा लाल चट्टे उठले, तशी पायलनं बोअरच्या पाण्याची बादली मोरीत उपडी केली. दीड वर्षाच्या पोरीला विकतच्या जारच्या पाण्यानं अंघोळ. एवढा थाट राजघराण्यातही नसेल. बोअर कॉलनीमागच्या नाल्याकाठी, आणि नाल्यात कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं पाणी यायचं. सोमवारी जांभळं, गुरुवारी हिरवं. यंदा कुठल्या रंगाची फॅशन आहे, ते नाल्यावरून कळायचं.

तिचा नवरा बुद्धभूषण त्याच कारखान्यात सांडपाण्याच्या विभागात ऑपरेटर. गेल्या मार्चमध्ये तिथं नवी टाकी बसली होती. आत टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा लेप दिलेल्या काचेच्या पट्ट्या. त्यांच्यावर ऊन पडलं की पाण्यातला रंग तुटून जातो. पायल रसायनशास्त्राची पदवीधर. तिला हे सगळं पटलं होतं. पटत नव्हता तो फक्त नाला.

शनिवारी कारखान्यानं कामगारांच्या घरच्यांना प्रकल्प बघायला बोलावलं. पायल रोशनीला कडेवर घेऊन गेली. टाकीवर निळ्या पत्र्यांचं चांगलं भक्कम छत होतं.

"सर, हे छत कशाला?"

"वहिनी, एवढा महागाचा माल भर उन्हात ठेवायचा?" व्यवस्थापक अश्विन सर कौतुकानं म्हणाले. "खराब होईल की!"

"पण हे उन्हावरच चालतं ना?"

"म्हणून तर आपल्या नाशकात आणलं. ऊन काय भरपूर!"

पायलनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"चारदा सांगितलं," तो पुटपुटला. "मग आत दोन ट्यूबलाइट लावून दिल्या. म्हणे, उजेडच हवा ना?"

तिनं रोशनीचा फ्रॉक वर केला. "सर, हे नाल्याकाठच्या बोअरचं पाणी. तुमची टाकी सावलीत सुखी आहे, माझी पोरगी बघा."

"डास चावले असतील. आणि छत काढायला मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते."

"लावायला लागली नव्हती?"

"तेव्हा मार्चअखेर होता. बजेट संपवायचं होतं."

मागून शेजारच्या मालनबाई पुढे सरकल्या. "साहेब, माझ्या नातवाला पण हायेत चट्टे. दाखवू?" मग आणखी दोघींनी पोरांच्या बाह्या वर केल्या. कुणीतरी मोबाइल काढला, आणि सरांना मंजुरी एकाएकी तोंडी चालू लागली. बुद्धभूषण तोवर पाना घेऊन शिडीवर चढलाच होता.

चारपर्यंत सगळे पत्रे उतरले. टाकी पहिल्यांदाच उन्हात आली; सर सावलीत गेले.

त्या संध्याकाळी मात्र पायलनं बोअरचा नळ उघडला नाही. एका दुपारच्या उन्हावर पोरीची कातडी पणाला लावायला ती काही व्यवस्थापक नव्हती.