कुटुंबप्रमुखाच्या कार्डावर

आमचे भाऊजी तक चांग-ग्यू टीव्हीवर फार छान दिसतात. त्या वसंतात आमच्या वोनजू शहराच्या केबल वाहिनीवर दर आठवड्याला वाद रंगायचा. साथीने बाजार बसलाय, तर सरकारने लोकांना पैसे वाटावेत की नाही? एका बाजूला बँकेतून निवृत्त झालेले प्यो साहेब. त्यांचं म्हणणं, परत करायचेच असतील तर ज्यांनी कर भरला त्यांना परत करा; अर्धे लोक आयकर भरतच नाहीत, त्यांना कसला परतावा? दुसऱ्या बाजूला भाऊजी, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे आणि गरिबांची बाजू घेताना किंचित डावीकडे झुकून बसणारे.

"प्यो साहेब, माझ्या ओळखीची एक शिवणकाम करणारी बाई आहे," भाऊजी म्हणाले. "दोऱ्याचं रीळ घेते, त्यावर कर भरते. नूडल्सचं पाकीट घेते, त्यावरही भरते. हा पैसा सरकारचा नाही, तिचा आहे. तो तिच्या हातात पडला पाहिजे."

प्यो साहेब पाणी प्यायले. स्टुडिओत टाळ्या पडल्या.

शिवणकाम करणारी बाई माझ्याशेजारी जमिनीवर बसून पँटची दुमड उसवत होती. माझी थोरली बहीण, ह्यांग-रान. भाऊजींची बायको.

"माझ्याबद्दल बोलतायत," ती म्हणाली.

"नाव कुठे घेतलं?"

"टीव्हीवर कुणी बायकोचं नाव घेतं का रे?"

बायको म्हणजे कागदावरची. नवराबायको कधीच वेगळे झालेले. ताई बाजारामागच्या गल्लीत अल्टरेशनच्या दुकानात राहते. भाऊजी आईबरोबर फ्लॅटमध्ये. घटस्फोट घेतला नाही, कारण भाऊजींना समाजात वावरायचं असतं, आणि सासूबाईंनी ताईचे हात धरून सांगितलं होतं, "तू मला सून नाहीस, लेक आहेस. लेकीला कुणी घटस्फोट देतं का?" लेक म्हणून ताई दर वर्षी सासऱ्यांच्या श्राद्धाला जाऊन एकटीने सगळा स्वयंपाक करायची आणि भांडी घासून परत यायची.

वाद भाऊजींनी जिंकला, म्हणजे सरकारने पैसे वाटले. आमच्या गल्लीला नवं चैतन्य आलं. चष्मेवाल्याने काचेवर 'इथे मदतनिधी चालेल' असा कागद लावला. ताईने त्याच दिवशी जाऊन डोळे तपासून घेतले. तिला सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. मागच्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या काळ्या पँटला तिने निळ्या दोऱ्याने दुमड घातली होती आणि ती पँट शेवटी तिलाच विकत घ्यावी लागली. तिने फ्रेम निवडली, भिंगं सांगून ठेवली आणि म्हणाली, "पैसे आले की नेते."

पैसे आले. सरकारने ते माणशी मोजले आणि कुटुंबप्रमुखाच्या कार्डावर टाकले.

वॉर्ड ऑफिसातली मुलगी फार नम्र होती. "काकू, तुमचे कुटुंबप्रमुख तक चांग-ग्यू. त्यांनी तिघांचे पैसे पहिल्याच दिवशी घेतलेत."

"पण मी वेगळी राहते."

"कागदावर एकत्र आहात ना. हरकत घेता येईल. घटस्फोटाचा दावा लावला असेल तर तुमचा वाटा वेगळा मिळेल. दावा मात्र एप्रिलच्या आत लावलेला हवा."

"आता मे चाललाय."

"हो, काकू."

म्हणजे सरकारला दोष देता येत नव्हता. एप्रिलच्या आत ज्या बायकांनी कोर्ट गाठलं, त्या सगळ्यांची सोय केलेली होती.

ताईने दुकानात येऊन भाऊजींना फोन लावला. मोबाईल स्पीकर लावून इस्त्रीच्या टेबलावर ठेवलेला असल्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"अगं, ही योजनेतली त्रुटीच आहे," भाऊजी कळवळून म्हणाले. "मी यावर लेख लिहितोय. माझं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं."

"ते बरोबर आहे. माझे पैसे?"

"ते आईकडे दिलेत. घरखर्चाला. तू घरचीच ना? बरं, शनिवारी लवकर ये. बाबांचं श्राद्ध आहे."

"जाऊ नकोस," मी म्हणालो.

"आईंना ठाऊक नसेल," ताई म्हणाली. "त्यांना कळलं तर लगेच काढून देतील. तू बघ."

शनिवारी मी तिला गाडीने सोडलं आणि बघायला म्हणून थांबलो. बैठकीत भाऊजी श्राद्धाचं टेबल मांडत होते: लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, माशाचं डोकं पूर्वेला. फळं हलवता हलवता ते मला समजावत होते, की गरिबाला दिलेला पैसा साठत नाही, या हातातून त्या हातात फिरत राहतो, त्यानेच बाजार उभा राहतो.

स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. सासूबाईंनी फ्रिजमधून मांसाचं पुडकं काढलं. देशी गोमांस, सगळ्यात महाग. एरवी या घरी श्राद्धालासुद्धा ऑस्ट्रेलियाचं स्वस्तातलंच यायचं.

"बघ कसलं आहे! सरकारच्या पैशातलं."

"आई," ताई हळूच म्हणाली, "त्यात माझा पण वाटा होता. मी चष्मा सांगून ठेवलाय."

"ठाऊक आहे ना. चांग-ग्यूने विचारलं होतं मला, हिचे काय करायचे. मीच म्हटलं, तिच्या हातात देऊन काय, खर्च करून टाकेल. त्यापेक्षा इथे पूर्वजांच्या कामी लागतील. पुण्य तुलाच लागेल, सूनबाई."

सूनबाई. ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मांस हातात घेतलं.

तिने ते पातळ पट्ट्यांत कापलं, अगदी डोळ्यांजवळ धरून सळ्यांवर ओवलं, सोया सॉस लावून भाजलं. स्टुडिओत टाळ्या पडल्या असत्या, इतका सुंदर वास सुटला. भाऊजींनी उदबत्ती लावली, सूटची बटणं लावली आणि हाक मारली, "आण आता."

ताई ताट घेऊन बाहेर आली. टेबलाशी न जाता ती जमिनीवर बसली, ताट मांडीवर घेतलं आणि खायला लागली.

श्राद्धाचं अन्न पूर्वजांच्या आधी कुणी उष्टं करत नाही. स्वयंपाक करणारीसुद्धा मीठ चाखून बघत नाही. भाऊजी अर्धे वाकले होते, तसेच राहिले.

"अगं, वेड लागलं का तुला?" सासूबाई किंचाळल्या. "यांच्या आधी?"

ताई खातच होती, सावकाश, पाहुण्यासारखी. एक सळी संपली की बाजूला ठेवायची, दुसरी घ्यायची.

"काहीतरी बोल तरी!" भाऊजी म्हणाले. "प्रश्न असेल तर चर्चेने सोडवू."

तीन वाट्यांतला एक संपल्यावर ताई थांबली. उरलेलं ताट तिने टेबलावर ठेवलं, पश्चिमेला, मांसाच्या जागी. मग एप्रन काढून सासूबाईंच्या हातात दिला. भांडी तशीच होती.

मी तिला गाडीत घेऊन आमच्या गल्लीकडे निघालो. चष्मेवाल्याचं दुकान आलं, तिथे कागद अजून काचेवर होता. मी गाडी हळू केली, पण तिने मान फिरवली नाही.

"मीठ कमी होतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं अळणीच वाढत असणार मी. कुणी सांगितलंसुद्धा नाही."