चकीठ

थोरलीला दिवसभर सगळे सिस्टर म्हणत. मुलांच्या वॉर्डात तिची पाळी असली की या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच गजर: सिस्टर, सलाईन संपलं, सिस्टर, हा औषध थुंकतोय, सिस्टर, घरी कधी सोडणार? पण जिची ती खरोखरची बहीण होती, ती धाकटी मात्र तिला ठकी म्हणे. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून आईने ठेवलेलं नाव. आई गेल्यावर ते फक्त धाकटीच्या तोंडी उरलं होतं.

थोरली संशयी होती असं वॉर्डातल्या बाकीच्या म्हणत. ती स्वतःला सावध म्हणे. ओळखपत्राची झेरॉक्स कोणाला द्यायची वेळ आली, तर त्यावर आडवं लिहायची, ‘फक्त गॅस जोडणीसाठी’, आणि खाली तारीख टाकायची. कुरिअरचं खोकं कचऱ्यात जाण्याआधी त्यावरचा पत्ता खरवडून काढायची. फोनवर कोणी ओटीपी मागितला तर अशी झाडायची, की पलीकडचा भामटा त्या दिवशी बहुतेक लवकर घरी जात असेल. "माझ्या नावावर कोणी साधा चहासुद्धा पिऊ शकणार नाही," असं ती ऐटीत सांगायची. ऐट वाईटच. ती माणसाला नेमकं चुकीच्या दाराशी पहाऱ्याला बसवते.

परिचारिकांची नोंदणी ऑनलाइन झाली तेव्हा प्रत्येकीला एक गुप्त प्रश्न निवडायचा होता. पासवर्ड विसरलात तर त्याचं उत्तर देऊन आत जायचं. थोरलीने ‘बालपणीचं टोपणनाव’ हा प्रश्न घेतला आणि उत्तरात सरळ ‘ठकी’ लिहायच्या ऐवजी ते ‘च’च्या भाषेत लिहिलं. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी ठेवायचं आणि पुढे ‘च’ लावायचा, की झाली भाषा. पाणीचं चणीपा. लहानपणी दोघी बहिणी आईच्या नाकासमोर याच भाषेत कटकारस्थानं करायच्या. धाकटीने काही फोडलं, सांडलं, लपवलं, की ती थोरलीच्या कानाशी लागून म्हणायची, "चगूसां चकोन." सांगू नको. आणि थोरलीने कधीच सांगितलं नाही. धाकटीच्या वाटणीचे धपाटेसुद्धा तिनेच खाल्ले.

तर ठकीचं झालं चकीठ, आणि थोरली खूश झाली. इतकी खूश, की पुढच्या रविवारी धाकटी तिच्या मांडीवर पाय टाकून सोफ्यावर लोळत होती तेव्हा हिला राहवलं नाही.

"असं उत्तर दिलंय, चोराच्या बापालासुद्धा सापडायचं नाही."

धाकटीने फोनमधून डोकंही वर काढलं नाही. "चकीठ?"

थोरली हसतच सुटली. दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "ठकास महाठक," धाकटी म्हणाली. उत्तर बदलायला हवं, हे थोरलीच्या मनातसुद्धा आलं नाही. बहिणीपासून कसलं लपवायचं?

या गोष्टीला बरेच महिने झाले असतील. एका सकाळी मेट्रननी तिला वॉर्डाच्या दारातच अडवलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"आत जाऊ नका. तुमची नोंदणी स्थगित झालीय. नदीपलीकडच्या हॉस्पिटलात तुम्ही एका आजोबांना इन्शुलिन दहापट दिलंत, अशी तक्रार आहे. दिलंत आणि कोणाला न सांगता निघून गेलात."

"मी? त्या हॉस्पिटलचा मी जिनासुद्धा चढलेली नाही!"

"तिथे नाव तुमचं आहे. नोंदणी क्रमांकही तुमचाच."

"आणि आजोबा?"

"वाचले. थोडक्यात."

मागून एक पोर "सिस्टर" म्हणून हाक मारत होतं, आणि तिला वळून जाता येत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तिला आपल्या गणवेशाची लाज वाटली, ती काहीच न करता.

नोंदणी कार्यालयातल्या अधिकारी बाई खडीसाखर चघळत बोलायच्या, पण डोकं तल्लख. त्यांनी संगणकाचा पडदा हिच्याकडे फिरवला. खात्यातला मोबाइल नंबर बदलला होता आणि प्रमाणपत्राची नवी प्रत काढून घेतली होती. तीच प्रत दाखवून कोणीतरी तिच्या नावाने नोकरीला लागलं होतं. तिथे त्या बाईला मास्कशिवाय कोणी पाहिलं नव्हतं, आणि तो नंबर आता बंद होता.

"पण आत कसं शिरलं कोणी?"

"गुप्त प्रश्नाचं उत्तर देऊन. सहसा चोर चाचपडतात. एक लिहून बघतात, दुसरं लिहून बघतात. इथे पहिल्याच फटक्यात बरोबर." बाईंनी पडद्याजवळ डोळे नेले. "चकीठ. हा शब्द तरी कुठला हो?"

थोरली जगभर कुलपं लावत फिरली होती, आणि चोर तिच्या मांडीवर पाय टाकून लोळत होता.

"कोणाला माहीत आहे का हा?" बाईंनी विचारलं.

"उद्या सांगते."

"उद्या सांगा, पण सांगा. नाही तर हे सगळं तुमच्याच माथी बसेल, हातातलं काम कायमचं जाईल. आणि जी कोणी आहे ती आज दुसऱ्या कुठल्या तरी वॉर्डात सुई घेऊन उभी असेल, याचाही विचार करा."

थोरली तिथून थेट धाकटीकडे गेली. धाकटी एका हॉस्पिटलात स्वागतकक्षात बसते असं तिने सांगितलं होतं. दाराशी चपलांच्या मांडणीत पांढरे, रबरी तळाचे बूट होते. स्वागतकक्षातल्या बाईला असले बूट कशाला लागतात, हे आजवर थोरलीने विचारलं नव्हतं.

"दोन वर्षं नर्सिंग शिकले होते मी," धाकटी म्हणाली. नाकबूल केलं नाही, एवढं खरं. "परीक्षाच तर राहिली होती. तुझं नाव तू एकाच ठिकाणी वापरतेस, ठके. माझ्या वापरण्याने काय झिजणार होतं ते?"

"माणूस मरत होता!"

"वाचले ना ते? मी घाबरले आणि पळाले."

"आणि माझं काय होईल, हे मनात आलं नाही?"

धाकटी नखाशी चाळा करत राहिली. "आलं ना. वाटलं, तू निस्तरशील. तू नेहमीच निस्तरतेस."

विसरून केलं असतं, तर थोरलीने गिळलं असतं. पण हिने थोरलीचा विचार केला होता. तिची माया हिशेबात धरून, त्या मायेच्या भरवशावर तिला खड्ड्यात ढकललं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर कुंपण म्हणत होतं, मी तुझंच आहे ना. थोरलीला इतकं एकटं आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

"उद्या माझ्याबरोबर यायचं. तुझ्या तोंडाने सांगायचं."

धाकटी रडली, गळ्यात पडली, हो म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी खरंच आली, केस नीट बांधून.

अधिकारी बाईंनी समोर बसवलं, विचारलं. धाकटीने बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला यातलं काही माहीत नाही, मॅडम. ताईवर आलंय, ती घाबरलीय, म्हणून माझं नाव घेतेय. मी समजू शकते."

मी समजू शकते! थोरलीचे कान तापले. तिने बोलायला तोंड उघडलं, तसा टेबलाखालून धाकटीचा हात आला आणि तिचं मनगट घट्ट धरलं. आईसमोर धरायची, अगदी तसंच. आणि सवयीने, अगदी हळू, ओठ न हलवता ती म्हणाली,

"चकीठ, चगूसां चकोन."

बाईंचं खडीसाखर चघळणं थांबलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"काय म्हणालात?"

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "काही नाही. लहानपणीचं आमचं असंच काहीतरी. अर्थ नाही त्याला."

"आहे अर्थ?" बाईंनी थोरलीला विचारलं.

मनगटावरची पकड अजून घट्ट झाली. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. बहिणीची बोटं थंडगार होती, आणि थोरलीला ती अजूनही चोळून गरम करावीशी वाटली, याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. मग तिला ते आजोबा आठवले, ज्यांचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं, आणि ज्यांच्या घरचे तिच्या नावाने बोटं मोडत असतील.

"आहे," ती म्हणाली. "चकीठ म्हणजे ठकी. ठकी म्हणजे मी. आणि ती म्हणतेय, सांगू नको."

धाकटीने हात काढून घेतला.