गुडघ्याचं माप

इंदूचे बाबा कोणाच्याही पाया पडाले लाजत नोयते. बाकीचे उभ्याउभ्या वाकून हात लावते, झालं. ह्याईचं तसं नोयतं. दोन्ही गुडघे भुईले अन् कपाळ थेट समोरच्याच्या पायावर. मी कितीकदा म्हटलं, "असे कायले लोळता सगळ्याईपुढं?" तर म्हणत, "नमस्कार करायचा तं पुरा करावा वं."

पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनात सरकीची पोती ट्रकावर चढवायचं काम होतं त्याईचं. एक दिवस पोत्याईची थप्पी घसरली अन् उजव्या गुडघ्यावर आली. पुरा पावसाळा खाटेवर गेला. उठले तं गुडघा वाकेच ना. मॅनेजर म्हणे, "नागपूरच्या डॉक्टरचा कागद आणा, गेटावर बसवतो. नाही तं पोती उचला, नाही तं घरी राहा." गेटावर बसाचं काम, तेवढंच पाहिजे होतं आमाले. राजवाडा थोडीच मागत होतो!

सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. नागपूर आलं तरी त्याईले पाय लांब कराले जागा भेटली नाही.

डॉक्टर तरुण होता, बोलणं मोठं गोड. त्यानं ह्याईच्या मांडीले अन् पिंडरीले पट्टे बांधले, मधात गुडघ्यावर एक चकती, अन् तिच्या वायरी टेबलावरच्या मशीनीत. मशीनीतून कागद सरकून राहिला होता अन् त्याच्यावर सुई रेघ काढून राहिली होती. पाय वाकला की सुई वर जाणार, असं त्यानं समजावून सांगतलं.

"वाकवा. अजून थोडा."

ह्याईच्या कपाळावरून घाम गळून राहिला होता. सुई जराशीच हलली अन् थांबली.

"इतकाच वाकतो? मग पोती कशी उचलणार तुम्ही? हलकं काम लिहून देतो."

झालं! त्या दुखण्यात इतक्या मायेनं कोणी बोललंच नोयतं त्याईच्याशी. डोळे भरून आले. मी "अहो, अहो" म्हणतच राहिली अन् हे धाडकन् डॉक्टरच्या पायावर पडले. पट्टे अजून बांधलेलेच होते. गुडघ्यातून कटकन् आवाज आला, तो मले ऐकू आला. दातात ओठ दाबला त्याईनं, पण कपाळ बुटाले लावल्याबिगर राहिले नाहीत. इकडं सुई सर्रकन् वर गेली.

डॉक्टरनं माणसाकडं नाही पाहिलं. कागदाकडं पाहिलं.

"अच्छा! म्हणजे पूर्ण वाकतो तर. इतका वेळ नाटक चाललं होतं?"

"साहेब, त्याईले उठता येऊन नाही राहिलं, पाहा ना इकडं!" मी काखेत हात घालून त्याईले उचलून राहिली होती.

"बाई, मशीन खोटं बोलत नाही."

"अहो, तो नमस्कार होता! मरणाचं दुखलं तरी नमस्कार होते माणसाच्यानं!"

त्यानं ऐकलं नाही. सगळं काम करू शकतो, असं लिहून सही ठोकली. अन् आमचे हे गाडीत मले म्हणे, "मोठा माणूस आहे, त्याचं चुकत नसन." असा संताप आला मले!

मॅनेजरनं कागद वाचला अन् पोतं पाठीवर दिलं. ट्रकाच्या फळीवर गुडघ्यानं दगा दिला. हे खाली, पोतं वर. त्याच पायाचा चेंदामेंदा झाला. पुन्हा नागपूर, तोच दवाखाना. पाय सडत चालला होता, म्हणून मांडीपासून कापला.

तो डॉक्टर खाटेजवळ आला. ह्या खेपेले मशीन नाही, पट्टे नाही. बांधतो कायले? उभ्याउभ्याच हलक्या कामाचं लिहून दिलं.

ह्याईनं उशीवरूनच दोन्ही हात जोडले. "लय उपकार झाले, साहेब."

सगळा वॉर्ड पाहून राहिला होता. मी त्याईचे जोडलेले हात ओढून खाली पाडले अन् डॉक्टर बाहेर जाईस्तोवर दाबून धरले.