सव्वातीन इंच

"परत मोज," गिब म्हणाला. "नीट मोज की लेका!"

डेलमार हॉगनने हातातलं काडतूस तिसऱ्यांदा मेलेल्या एल्कच्या, त्या सांबरासारख्या थोराड हरणाच्या, शिंगाला लावलं. डोळ्याच्या वर शिंगातून पुढे आलेला फाटा काडतुसाबरोबरच संपत होता. आपलं काडतूस सव्वातीन इंच भरतं, हे त्या खोऱ्यातल्या प्रत्येक शिकाऱ्याला पाठ असतं. आणि नियम होता चार इंचांचा. हा फाटा चार इंचांचा असेल तोच नर मारायचा, कमी असेल तर अजून वाढायचा आहे म्हणून सोडून द्यायचा. आता पुन्हा मोजून शिंग काय वाढणार होतं, कपाळ!

डेलमारने बर्फातच बसकण मारली. एकोणसत्तर वर्षांचा गडी, पण अंगातली सगळी हवा गेली. चाळीस वर्षं त्याने काउंटीचे कच्चे रस्ते यंत्राने सपाट केले. ते काम असं, की केलं तर कुणी बघत नाही आणि राहिलं तर सगळे शिव्या घालतात. पण एकतीस वर्षं तो दर वसंतात शाळेच्या जेवणघरात नव्या शिकाऱ्यांचा वर्ग घेत होता, फुकट. तो वर्ग पास झाल्याशिवाय कुणाला परवाना मिळत नसे. त्यामुळे अर्धं खोरं त्याला 'सर' म्हणायचं. स्वतः दहावीनंतर शाळा सोडलेल्या माणसाला त्यात किती सुख होतं, ते फक्त त्याच्या बायकोला, अर्लिसला ठाऊक होतं.

"मला दुर्बिणीतून चांगला सहा इंची दिसला," तो म्हणाला.

"ती फांदी रे बाबा. मागच्या वाळक्या पाइनची. मला इथून नुसत्या डोळ्यांनी दिसतेय."

डेलमारने वर पाहिलं. त्याला हिरवट-करडं काहीतरी दिसलं. गेली दोन वर्षं उजव्या डोळ्यावर धुकं होतं. डॉक्टरने त्याला मोतीबिंदू म्हटलं होतं, आणि डेलमारने 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून तो विषय घरापर्यंत येऊच दिला नव्हता.

गिब रॉयस हा त्याचा शेजारी, पंपदुरुस्तीवाला, तोंडाने फाटका. पहिल्या धक्क्यातून सावरल्यावर त्याला हसू आवरेना. "गेल्या फेब्रुवारीत शिकार खात्याच्या सभेत कोण उठून उभं राहिलं होतं रे? 'ज्याला फाटा ओळखता येत नाही त्याने चापाला बोट लावू नये.' टाळ्या पडल्या होत्या!"

"मग? चूक बोललो का? आपल्या लहानपणी दिसेल तो कोवळा नर मारायचे सगळे. मोठा नर बघायला मिळायचा नाही. नियम आला म्हणून कळप सावरले."

"कळप सावरले, पण आहेत कुठे? पहिली गोळी वाजली की जातात सगळे त्या बंगलेवाल्याच्या कुरणात. तिथे कुंपण, पाटी, पहारेकरी. खात्याची माणसं हेलिकॉप्टरातून मोजणार नि म्हणणार एल्क फार झाले, आणि आपण ह्या सरकारी डोंगरावर पाच आठवडे तंगड्या तोडून एक शेपूट बघायचं. आणि जो दिसेल त्याच्या कपाळाची मापं घ्यायची! मी तेव्हाच म्हटलं होतं, हे नियम आपल्यासाठी, कुंपणं त्यांच्यासाठी."

"म्हटलं होतंस. शिवीही घातली होतीस. माईक बंद करावा लागला होता."

डोमकावळे झाडावर येऊन बसले होते.

"राहू दे इथेच," गिब हळूच म्हणाला. "उद्यापर्यंत काही उरायचं नाही."

"एवढं मांस टाकून? तो तर ह्याहून मोठा गुन्हा."

"मग डोकं इथे टाक. मांस मादीचं म्हणून सांगू, माझ्याकडे मादीचा परवाना आहे."

"नर की मादी ते कळायला खूण ठेवावी लागते अंगावर." डेलमारने एल्कच्या मागच्या पायांमध्ये बोट दाखवलं. "मादीला हे असतं होय?"

एरवी या विनोदावर दोघं खोऱ्याला ऐकू जाईल एवढं हसले असते. डेलमारने सुरी काढली. जनावर सोलून चार खेपांत खाली पिकअपपर्यंत आणताना दुपार कलली. डोकं त्याने स्वतः आणलं, शेवटच्या खेपेत, खांद्यावर.

त्या खोऱ्यातून बाहेर पडायला एकच रस्ता, आणि तो डेलमारनेच वर्षानुवर्षं सपाट केलेला. त्याच्या तोंडाशी शिकारीच्या मोसमात तपासणी नाका असतो. वळायला जागा नाही, थांबायला निमित्त नाही. डेलमार पिकअप सावकाश हाकत होता. मनात एकच घोकणं, गुन्हा नोंदला की वर्ग जाणार. एप्रिलमध्ये मी काय करू? मंगळवारी संध्याकाळी कुठे जाऊन बसू?

नाक्यावर शिकार खात्याची वॉर्डन होती कोरल लिंडक्विस्ट. बारा वर्षांची असताना ती त्याच्या वर्गात होती, आणि अंदाजाने उत्तरं दिली म्हणून त्याने तिला नापास केलं होतं. ती मुळूमुळू रडली, तरी त्याने बधायचं नाव घेतलं नव्हतं.

"सर! मिळाला वाटतं?" म्हणत ती हसत पुढे आली. मग डोकं पाहिलं, आणि तिचं हसू मावळलं. तिने फीत लावून मोजलं. मग उगाचच पुन्हा मोजलं.

"मीच मोजलंय," डेलमार म्हणाला. "सव्वातीन."

कोरलने मागे बघितलं. रांगेत दुसरी गाडी नव्हती. ती खिडकीपाशी वाकली. "हे बघा सर, तुम्ही स्वतः घेऊन आलात. प्रामाणिक चूक असेल तर मला नुसती समज देता येते. मांस गरजूंना जाईल, पण बाकी काही होणार नाही. वर्ग तुमच्याकडेच राहील. उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली असेल ना?"

"आली होती तर!" शेजारून गिब म्हणाला. "मी म्हटलंही, डेल, ऊन फार आहे."

तिघांनीही एकदम वर पाहिलं. सकाळपासून आभाळ राखेसारखं भरलेलं होतं. पंधरा दिवसांत ऊन कुणाच्या दृष्टीस पडलं नव्हतं.

डेलमारने आभाळावरची नजर खाली घेतली. 'हो' म्हटलं की संपलं. एका शब्दाचं काम. पोरगी हातात पेन घेऊन तो शब्द कधी पडतो याची वाट बघत होती, आणि तो शब्द त्याला इतका हवा होता की डोळ्यांत पाणी आलं. त्याने तोंड उघडलंही. पण मग एप्रिलमध्ये त्या वर्गासमोर उभा राहून नेम धरण्याआधी काय करावं हे सांगणारा स्वतःचा आवाज त्याच्या कानात आला, आणि त्याला लाज वाटली.

"ऊन नव्हतं," तो म्हणाला. "उजव्या डोळ्याने दिसत नाही मला. दोन वर्षं झाली. गेल्या वर्षीही अंदाजानेच मारला होता, तेव्हा नशिबाने बरोबर निघाला."

"सर, हे मला लिहावं लागेल. हे लिहिलं की मग..."

"ठाऊक आहे. लिही."

गिबने खिडकीकडे तोंड फिरवलं. "गाढव आहेस तू," तो काचेला म्हणाला.

घरी अर्लिसने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो डोळ्याचा. "दोन वर्षं? आणि मला शेजारी बसवून गाडी चालवत होतास?" त्या आठवड्यात ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मग शहरातल्या डॉक्टरची वेळ घेतली आणि गाडी स्वतः चालवत नेली.

न्यायाधीशबाईंनी दंड कमी केला, पण दोन मोसम परवाना बंद, आणि पुन्हा परवाना हवा असेल तर शिकाऱ्यांचा वर्ग पहिल्यापासून पुरा करायचा, असं सांगितलं. डेलमारच्या जागी वर्ग घ्यायला मात्र कुणी पुढे येईना. कोरलने तीन माणसांना विचारलं. शेवटी गिब तयार झाला. नियमांना जन्मभर शिव्या घातलेल्या माणसाने नियमांची पुस्तिका घरी नेली आणि महिनाभर, पंप उघडा टाकून, ती वाचली.

एप्रिलचा पहिला मंगळवार. शाळेच्या जेवणघरात सगळी बाकं बुटकी. डेलमार दुसऱ्या रांगेत गुडघे तिरपे करून बसला, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला सगळं नको तितकं स्वच्छ दिसत होतं. आजूबाजूला बारा-तेरा वर्षांची पोरं आणि त्यांच्या आया. सगळे त्याला ओळखत होते. म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

गिबने इस्त्रीचा शर्ट घातला होता. हजेरी घेताना त्याचा आवाज चढत होता, उतरत होता. 'जी'पर्यंतची आडनावं झाली, 'एच' आलं. मग तो थांबला. कागद खाली केला, वर केला, घसा खाकरला, आणि एकदम पुढच्या नावावर उडी मारायला निघाला.

"गिब," डेलमार म्हणाला, "वाच ना. माझी एक हजेरी बुडली तर चालणार नाही."

गिबने कागदात डोकं घातलं.

"हॉगन, डेलमार."

डेलमार बाकाच्या कडेला हात टेकून सावकाश उभा राहिला, आणि म्हणाला, "हजर."