मागची सीट

सुनेनं बादलीभर पाणी मागितलं तेव्हा दुकानदाराला वाटलं, बाईला हातपाय धुवायचे असतील. त्यानं नळाकडे बोट दाखवलं. सून बादली भरून घेऊन आली आणि विकायला ठेवलेल्या लाल मोटरसायकलच्या पुढच्या चाकावर तिनं अर्धी बादली ओतली, उरलेली मागच्या चाकावर.

"ताई, गाडी धुतलेलीच आहे," दुकानदार म्हणाला.

"हो, दिसतंय."

हेल्मेट चढवून ती बसली आणि दुकानामागच्या आवारातल्या कोरड्या सिमेंटवरून थेट समोरच्या भिंतीकडे निघाली. भिंतीशी जाऊन उतरली. इकडे प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या सासूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. दोघी आवाराच्या मधोमध येऊन उकिडव्या बसल्या आणि ओल्या चाकांनी काढलेली रेघ बघू लागल्या. लांबून कुणाला वाटलं असतं, बायका सांडलेलं धान्य वेचतायत.

"दोन आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"दोन आहेत. ही कुठंतरी चांगली आपटलीय."

दुकानदारही वाकला. पुढच्या चाकाची रेघ आणि मागच्या चाकाची रेघ एकमेकींवर बसत नव्हत्या. बोटभर अंतर राखून शेजारून चालल्या होत्या, नुकत्याच भांडलेल्या जावांसारख्या.

"हे कुठं शिकलात तुम्ही?"

"शिलाई मशीनवर," सून म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे वळली.

त्यात तिनं थट्टा केली नव्हती. दोघी शिलाई मशीन दुरुस्त करत. जुनं मशीन पारखायचं असलं की सुईत दोरा ओवायचा नाही, एक कोरा कागद घ्यायचा आणि तो शिवायचा. भोकांची ओळ सरळ आली तर पुढचं बोलायचं, वाकडी आली तर नमस्कार करून निघायचं. हे सासूबाईंनी सुनेला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. कागदाच्या जागी सिमेंट आणि सुईच्या जागी चाक, ही अक्कल मात्र सुनेची स्वतःची. सासूबाई पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या, आणि दुकानदाराला तोंड दिसू नये म्हणून त्यांनी मान वळवली. कौतुक आलं की त्यांचे ओठ आपोआप मुडपत, आणि लोकांना वाटे, म्हातारी रागावली.

दुकानदार आता जरा जपून बोलू लागला.

"मावशी, गाडी नक्की कुणासाठी? साहेब येणार आहेत का बघायला?"

"साहेब बसनं फिरतात," सासूबाई म्हणाल्या. "माझाच मुलगा तो. दोन चाकांवर त्याचा भरवसा नाही. सायकलसुद्धा भिंतीला टेकलेली असली तरच तिच्याजवळ जातो."

"मग गाडी या चालवणार?"

"मग काय मी?"

दुकानदार हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या पँटच्या खिशांवरून हात फिरवला. ही खिशांची पँट त्यांनी स्वतःच शिवली होती. एका खिशात पेचकस, एकात सुयांची पुडी, एकात तेलाची कुपी. नवरा गेल्यावर त्याचं काम चालवायचं ठरवलं तेव्हा पहिलं काम केलं ते हे. दुःख करायला दोन्ही हात मोकळे लागतात, त्या म्हणायच्या, आणि काम करायलाही.

फाटकाजवळ त्यांची छोटी मोटरसायकल उभी होती. सून शिकली ती हिच्यावर. लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला सायकलही येत नव्हती. गाडी घेतली त्या दिवशी शेजारीणबाईंच्या देखत ती दारातच आडवी झाली. शेजारीणबाईंनी "अगंबाई" म्हणायला तोंड उघडलं, तोवर ही उठून, कोपर झटकून त्यांना सांगत होती, "गाडी मजबूत आहे हो, काही झालं नाही तिला." तेव्हापासून सासूबाई मागच्या सीटवर होत्या. मांडीवर हत्यारांची पेटी आणि तोंडानं अखंड समालोचन. खड्डा. कुत्रं. तो रिक्षावाला बघ, तो वळणार, हात दाखवणार नाही. कामाच्या जागी पोचलं की पुढचं बोलणं सासूबाईंचं आणि मशीनचं. सून शेजारी उभी राहून बघायची.

बघता बघता तिनं सगळं उचललं. इतकं, की आताशा शटलमध्ये दोरा का अडकतो हे मशीन उघडायच्या आत तिला आवाजावरून कळे. गावातले शिंपी तेवढे अजून हटून बसत. "आजी येणार असल्या तरच मशीन उघडा," ते म्हणत. पण शिंप्यांचं काय, ते गिऱ्हाइकाचं मापसुद्धा बदलायला तयार नसतात.

मागच्या महिन्यात डोंगरापलीकडच्या शिवणकारखान्यातून बोलावणं आलं. तिथं ओळीनं मशीनं, आणि दर आठवड्याला यायचं. पहिल्याच दिवशी चढावर छोट्या गाडीनं मान टाकली. दोन बायका आणि एक पेटी तिला झेपेना. सासूबाई उतरल्या. "तू हो पुढं, मी येते चालत." त्यांचं ओझं उतरल्यावर गाडी जी निघाली, ती चढ संपेपर्यंत गुणगुणत गेली. सासूबाई खाली उभ्या राहून तो आवाज ऐकत होत्या. मशीनमध्ये काय बिघडलं हे आवाजावरून ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. इथं काय जड होतं ते त्यांना लगेच कळलं.

धापा टाकत त्या कारखान्यात पोचल्या तेव्हा सुनेनं मशीन उघडून, लावून, बंदही केलेलं होतं. त्यांनी एक चिंधी घेऊन शिवून पाहिली. एक टाका सुटला नव्हता. त्यांनी ओठ मुडपले.

त्या रात्री जेवताना सून म्हणाली, "थोडी मोठी गाडी घेऊया." मुलगा म्हणाला, बस आहे की. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं भाजी वाढून घेतली.

सासूबाईंनी मात्र तेव्हापासून मनात एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. मोठी गाडी लागणार होती ती फक्त त्यांच्यामुळे. त्या घरी बसल्या तर छोटी पुरत होती, आणि खर्च वाचत होता. वाक्य सोपं होतं. ते आजवर तोंडाशी आलं की कुठलं तरी काम निघे, आणि खरं सांगायचं तर काम निघालं नाही तर त्या काढत.

आवारात दुकानदारानं एक काळी, भरदार गाडी ढकलत आणली. तिची टाकी म्हशीच्या पाठीसारखी.

"घ्यायचीच तर ही घ्या, ताई. पुन्हा पुन्हा कोण बदलत बसतं? एकदाच मोठी."

"नको."

"चालवून तर बघा."

"घरातल्या मशीनवरून उठवून एकदम कारखान्याच्या मशीनवर बसवलं, की माणसाचं बोट सुईखाली जातं," सून म्हणाली. "मशीन वाईट नसतं, हाताला सवय नसते. मला एक पायरी वर हवी, दोन नको."

हे वाक्यही सासूबाईंचंच होतं. दुसऱ्याच्या तोंडून आपलं वाक्य इतकं शहाणं वाटतं, याचं त्यांना नवल वाटलं.

कोपऱ्यात एक करडी गाडी होती. छोटीपेक्षा अंगानं थोडीच भरलेली, दिसायला अगदी साधी, एका बाजूला जरा खरचटलेली. सुनेनं आधी ती स्टँडवर चढवली आणि इंजिन सुरू न करता मागचं चाक हातानं फिरवलं. हळू, मग उलट, मग पुन्हा हळू. डोळे मिटून. मशीनचं चाकही आधी असंच फिरवतात. मग गाडी सुरू करून तिनं टाकीवर चार बोटं ठेवली आणि तशीच उभी राहिली. दुकानदार काहीतरी बोलायला लागला, तशी सासूबाईंनी त्याला हातानं गप्प केलं.

"ऐकतेय ती."

नंतर सुनेनं गाडी बंद केली, पाय रोवले, आणि गाडी अलगद जमिनीवर आडवी घातली.

"अहो, अहो ताई."

"कधीतरी पडणारच आहे," सून म्हणाली. "तेव्हा मी एकटी असणार."

तिनं गाडीकडे पाठ केली, खाली बसली, हँडल आणि मागची दांडी धरली, आणि पायांच्या जोरावर उलट्या पावलांनी गाडी उभी केली. मान लाल झाली, पण गाडी उठली. काळी गाडी तिला अशी उचलता आली नसती, हे दुकानदारालाही दिसलं. सासूबाईंच्या मनात आलं, आमच्या दारात आडवी झाली होती ती हीच. आणि लगेच दुसरं आलं. मी एकटी असणार, असं म्हणाली ती.

मग पाणी ओतून झालं. करडी भिंतीपर्यंत गेली. दोघी उकिडव्या बसल्या. एकच रेघ होती, शाळेच्या वहीत पट्टीनं ओढावी तशी.

"घेऊया?" सुनेनं विचारलं.

सासूबाईंनी ते वाक्य आता काढलं.

"मी काय म्हणते, एकटीला तुला ती छोटी पुरते. मी काही आता रोज..." पुढचं वाक्य घरी नीट शिवलेलं होतं, इथं उसवलं. "डोंगर चढायला छोटी पुरते एकटीला. मी ऐकलंय ना तिला."

"मीही ऐकलंय," सून म्हणाली. आणि दुकानदाराला हाक मारली. "ही मागची सीट काढता येईल का? त्या जागी लोखंडी रॅक बसवून द्या. टेबलावरून सोडवलेलं मशीनचं डोकं बांधता आलं पाहिजे, न हलता. कारखान्यातून डोकी घरी आणावी लागतात."

"मागची सीट पूर्ण काढायची?"

"पूर्ण."

दुकानदारानं पाना आणला. सीटखालचे नटबोल्ट काढायला वेळ लागला नाही. सीट त्यानं खुर्चीशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. चांगली जाड गादी होती. छोटीची तर पार बसून गेली होती.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "रॅक हवाच." मग थोड्या वेळानं, "चार बाजूंनी आकडे लावून घे. दोरी सुटते."

"लावायला सांगितलेत."

शिकवायचं म्हणजे आपलीच जागा आपल्या हातानं झाडून, पुसून दुसऱ्याला द्यायची. सासूबाईंनी हे कबूल केलेलं होतं. एवढंच, की ती जागा इतक्या नेटकेपणानं घेतली जाईल असं वाटलं नव्हतं. त्यातही काम कसं चोख. कुठं नाव ठेवायला जागा नाही. नाव ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं.

"रॅक उद्या लागेल, गाडी घरी पोचती करतो," दुकानदार म्हणाला. "आणि ती छोटी सोडून जा इथंच. चांगला भाव देतो."

"ती द्यायची नाही."

"दोन गाड्या कशाला, ताई? चालवणारी एक."

"द्यायची नाही म्हटलं ना." सुनेनं छोटीचं कुलूप काढलं आणि सासूबाईंसाठी पायटेकू उघडला. "बसा, आई."

सासूबाई बसल्या. पेटी मांडीवर घेतली. वाटेत एक खड्डा आला, त्या बोलल्या नाहीत. बाजाराच्या वळणावर एक हातगाडी आडवी आली, तरी बोलल्या नाहीत. सुनेनं आरशात एकदा पाहिलं.

"बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय? तू समोर बघ."

गोदामांच्या मागं एक मोठं मोकळं आवार होतं. सुटीचा दिवस, त्यामुळे तिथं चिटपाखरू नव्हतं. सुनेनं गाडी आत घातली, मधोमध थांबवली, आणि उतरली.

"पेट्रोल संपलं?" सासूबाईंनी विचारलं.

"पुढं सरका."

"काय?"

"पुढं सरका, आई. पेटी द्या माझ्याकडे."

सासूबाईंनी पेटी सोडली नाही. "वेडी आहेस का? या वयात?"

"मी दर आठवड्याला डोंगरापलीकडे. गावातल्या शिंप्यांकडे कोण जाणार? ते मला मशीनला हात लावू देत नाहीत. आजीच हव्यात त्यांना."

"रिक्षानं जाईन मी."

"मजुरीपेक्षा रिक्षाचेच जास्त होतील."

"मला येत नाही गं."

"मलाही येत नव्हतं. रस्त्यावर नाही न्यायची, परवाना निघेपर्यंत इथंच. रोज थोडं." सुनेनं पेटीला हात घातला. "मागनं सगळी गाडी तुम्हीच चालवत होता की. फक्त हातपाय माझे होते."

"पडले तर?"

"तर उठवायची कशी ते आज बघितलंत."

"तुझा नवरा काय म्हणेल?"

"भाजी वाढून घेतील."

सासूबाईंचे ओठ मुडपले. त्यांनी पेटी दिली आणि पुढं सरकल्या. पुढची सीट अजून कोमट होती. समोर बघायला त्यांनी सवयीनं मान डावीकडे काढली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की मध्ये कुणाचा खांदा नाही. आवार सबंध दिसत होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यांनी क्लच दाबला. कुठला तो शोधावा लागला नाही, याची त्यांनाच थोडी लाज वाटली.

सून मागं चढली. गाडी घेतल्यापासून ती तिच्यावर कधी मागं बसलीच नव्हती. पेटी मांडीवर घ्यावी की बाजूला, हे तिला ठरवता येईना. एक हात तिनं सीटवर टेकवला, मग काढला, मग मागच्या दांडीला लावून पाहिला.

"आई, मागं बसल्यावर हात कुठं ठेवायचे?"

"खांद्यावर," सासूबाई म्हणाल्या. "घट्ट धरायचं नाही. चालवणारीला वळता येत नाही मग."

दोन हात खांद्यांवर आले, हलके. सासूबाईंनी गियर टाकून क्लच सोडला. गाडीनं एक आचका दिला आणि ती बंद पडली.

हात होते तिथंच राहिले.