बराकीवरची जागा

"सावलीतली जागा देतोय, तरी नको म्हणताय?" स्टेडियमच्या पायऱ्यांवर उभी असलेली कॉलेजच्या तिकीट ऑफिसातली मुलगी वैतागली. "या बसायच्या फळ्या काढून पुढच्या वर्षी खुर्च्या बसवणार आहोत, मिस्टर टेगन. माणशी एकच जागा. तुमच्या दोनांतली एक सोडावी लागेल. मध्यंतरात येते, तेव्हा सांगा."

ऑर्व्हिल टेगनने टोपी पुढे ओढली. त्याची बायको नेटी मार्चमध्ये वारली. तिच्याशिवाय बघायचा हा पहिलाच फुटबॉलचा सामना. शेजारची फळी रिकामी होती.

इथे पूर्वी लष्कराची छावणी होती. लढाई संपल्यावर सरकारने ती कॉलेजला दिली आणि कॉलेजने बराकी लढाईवरून परतून शिकायला आलेल्या सैनिकांना राहायला दिल्या. ऑर्व्हिल त्यांतलाच एक. नवी बायको, नवी पुस्तकं. वर्षभरात मूल झालं, पुस्तकं मिटली आणि तो दुधाची गाडी चालवू लागला. पुढे बराकी पाडून हे स्टेडियम उभं राहिलं. पहिल्याच वर्षी त्याने छावणीच्या वेळच्या पाण्याच्या टाकीपासूनच्या अंतरावरून अंदाज बांधून आपल्या बराकीच्या बरोबर वरच्या जागा घेतल्या.

"जा की सावलीत," पलीकडून व्हर्ना म्हणाली. ती पहिल्यापासून नेटीच्या शेजारी बसत आलेली. "इथं काय, भाजून घ्यायला बसतोस?"

"नेटीला इथंच आवडायचं. तिचं पहिलं स्वयंपाकघर इथं खाली होतं ना."

व्हर्ना शेंगा सोलता सोलता थांबली. "आवडायचं? अरे, शिव्या घालायची ती त्या बराकीला! भिंतीतून वारा, जेवणात कोळशाची काजळी. सगळं ऐकलंय मी."

"मग मला कधी बोलली नाही ती?"

"तुला कशाला बोलेल? म्हणायची, माझ्यापायी त्याचं कॉलेज सुटलं. वर्षातून चार-सहा शनिवार का होईना, बसू दे त्याला कॉलेजात."

ऑर्व्हिलने मैदानाकडे बघितलं. आपल्या संघाने चेंडू घालवला होता. आजूबाजूचे लोक ओरडत होते.

"मला वाटलं, मीच तिच्यासाठी बसतोय," तो म्हणाला.

"दोघंही येडे," व्हर्ना म्हणाली आणि मूठभर शेंगा त्याच्या हातात कोंबल्या.

मध्यंतरात ती मुलगी आली. "काय ठरलं?"

"एक सोडतो. माझी."

"म्हणजे मिसेस टेगनची ठेवू? अहो, जागा दोन्ही सारख्याच."

"असू दे. तिचीच ठेव."

मुलगी खांदे उडवून गेली. ऑर्व्हिल सरकून नेटीच्या जागेवर बसला. इथे तो आजवर कधी बसला नव्हता. समोर छावणीच्या वेळचा झेंड्याचा खांब होता. स्टेडियम बांधताना तो कुणी हलवला नव्हता. इथून तो नेमका मैदानाच्या मधोमध आडवा येत होता. खेळ सुरू झाला, तरी ऑर्व्हिलला चेंडू दिसेना. त्याने मान डावीकडे, आपल्या जुन्या जागेकडे कलती केली. मग आणखी थोडी. तेव्हा कुठे दिसू लागलं.

नेटी सगळा सामना त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बघायची.

मान अवघडली, तरी तो तसाच बसून राहिला.